नवव्या प्रश्नापुढची खूण

माझ्या नणंदेला रुग्णालयात सगळे ‘बाविशी’ म्हणत. तोंडावर सिस्टर, पाठीमागे बाविशी. पित्तनलिकेत अडकलेला खडा पोट न फाडता, तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात, त्या विभागात ती कामाला होती. दुर्बिणीच्या खोलीत जाण्याआधी प्रत्येक रुग्णाला तिच्यासमोर बसावं लागे आणि ती त्याला बावीस प्रश्न विचारी. कोणाला धोका जास्त, कोणाला कमी, हे त्या उत्तरांवरून ठरे. धोका जास्त वाटला की फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात ती लाल पेनाने खूण करी. खूण दिसली की आतले डॉक्टर थांबत, वेगळी तयारी करत, कधी तर ‘आज नको’ म्हणत.

तिची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा, जो फक्त तिच्याकडे वारा घाली. वजनकाटा तिने मुद्दाम व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता. त्याचं कारण मी एकदा तिला डबा द्यायला गेले तेव्हा कळलं.

“न थांबता किती जिने चढता?” समोरच्या गृहस्थांना ती विचारत होती.

“तीन तर सहज.”

“बरं. जरा त्या टोकाला जाऊन वजन करून या.”

गृहस्थ गेले, आले, खुर्चीत बसले आणि आकडा सांगण्याआधी दोनदा श्वास घेतला. हिने तीन खोडून एक लिहिलं. “वरचे दोन धाकट्या भावाने चढले असतील तुमच्या,” ती म्हणाली. गृहस्थही हसले.

“दारू?”

“कधीतरी.”

“दिवसातून कधीतरी की वर्षातून कधीतरी?”

तिचे दोन नियम होते. पहिला, प्रश्न दोनदा विचारायचे. एकदा नातेवाईक बसलेले असताना, आणि मग “आता नातेवाईक बाहेर” असं म्हणून, दार लोटून पुन्हा. माणूस बायकोसमोर एक बोलतो आणि बायको बाहेर गेल्यावर दुसरं. एका दुकानदाराने बायकोदेखत सांगितलं होतं की रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवड्यापूर्वीच बंद केली. बायको बाहेर गेल्यावर म्हणाला, “सिस्टर, बंद करायला आधी सुरू असावी लागते. दोन वर्षं मी ती कुंडीत टाकतोय.” ती म्हणे, “वहिनी, त्या कुंडीतल्या झाडाचं हृदय मात्र ठणठणीत असणार.”

दुसरा नियम, न विचारता खूण करायची नाही. नवीन मुली जुन्या केसपेपरवरून बघून फॉर्म भरायच्या. ती त्यांच्या हातून कागद काढून घेई. “कागदालाच काय विचारतेस? समोर माणूस बसलाय.” एकदा रुग्णालयातलेच एक सर्जन रुग्ण म्हणून आले. पाचव्या प्रश्नाला कंटाळून म्हणाले, “सिस्टर, मला ओळखता ना तुम्ही?” ती म्हणाली, “ओळखते, म्हणून तर नीट विचारते. ओळखीच्या माणसाचं आपण ऐकत नाही. आपल्याला आधीच सगळं माहीत असतं.”

हे वाक्य तिने मला त्याच दिवशी सांगितलं आणि मी वहीत उतरवून ठेवलं. तारीख आहे माझ्याकडे.

ती हे काम करायला लागली ती तिच्या आईमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंगाला खाज, ताप. पित्तनलिकेत खडा होता. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने काढू. आमच्या यांनी विचारलं, “धोका किती?” डॉक्टर म्हणाले, “थोडा असतोच.” यांनी पुन्हा विचारलं, “थोडा म्हणजे किती?” हे आयुष्यभर एका छापखान्यात प्रुफं तपासत होते, ‘थोडा’ हा शब्द यांना कधी चालत नसे. त्या दिवशी नेमकं उत्तर कोणी दिलं नाही. आई ब्याऐंशी वर्षांची. यांनी नाही म्हटलं.

नणंद तेव्हा त्याच रुग्णालयात, पण दुसऱ्या वॉर्डात होती. ती धावत आली. “दादा, धोका विचारलास ते बरोबर. न करण्याचा धोका विचारलास का?”

“तू मुलगी म्हणून बोलतेस की सिस्टर म्हणून?”

“दोन्ही म्हणून. एकीचं तरी ऐक.”

यांनी ऐकलं नाही. सासूबाई पाच आठवड्यांनी घरीच गेल्या, शेवटचे दहा दिवस तापात. अंत्यविधी करून आलो तेव्हा नणंद दारातच थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “दादा, आईला खड्याने नाही मारलं.” पुढचं ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. मग अबोला. एक वर्ष अकरा महिने.

ती तेव्हा पंधरा मिनिटांच्या अंतरावर, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होती. अजूनही तिथेच राहते. तिने लग्न केलं नाही. लहानपणापासून तिचं दादाशिवाय पान हलत नसे. हे तिला चिंगी म्हणत, पन्नाशी उलटली तरी. त्या तेवीस महिन्यांत यांच्या तोंडून तो शब्द गेला. रस्त्यात ती समोरून येताना दिसली तर हे पलीकडच्या पदपथावर जात. मी मध्ये पडून पाहिलं. “तुझ्या नणंदेचं तू बघ,” म्हणाले. यांची बहीण जाऊन माझी नणंद झाली होती.

त्या अबोल्याच्या सातव्या महिन्यात, एका बुधवारी दुपारी, हे छापखान्यातून लवकर घरी आले. पोटाच्या वरच्या भागात दुखत होतं, आणि दुखणं आरपार पाठीत जात होतं. दोन उलट्या झाल्या. मी रिक्षा करून दुसऱ्याच एका रुग्णालयात नेलं. नणंदेच्या रुग्णालयात न्यायचं नाही हे यांनी दाराशीच बजावलं होतं. स्वादुपिंडाला सूज आली होती. पित्ताशयातला एखादा बारीक खडा तिथून सरकून गेला असावा, असं म्हणाले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे चार दिवस पाण्याचा थेंबही न देता नुसत्या सलाइनवर ठेवलं. शनिवारी संध्याकाळी घरी सोडलं. पित्ताशय काढून टाका असं त्यांनी सांगितलं. यांनी ‘बघू’ म्हटलं. दुखणं गेलं, त्याबरोबर ‘बघू’ही गेलं. मला मात्र शपथ घातली: तुझ्या नणंदेला हे कधीही कळता कामा नये.

मी बारा वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी वही लिहिते. शाळेत एका ननने सवय लावली. जे घडलं ते ओळीत लिहायचं, जे वाटलं ते समासात. त्या चार दिवसांची चार पानं आहेत. ओळीही भरलेल्या, समासही.

अबोला सुटला तो एका कागदामुळे. नणंदेने वरिष्ठांच्या मागे लागून त्या विभागात बदली मागून घेतली होती. धोका ‘थोडा’ असतो असं कुठल्याही नातेवाइकाला पुन्हा सांगायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. विभागातल्या मोठ्या डॉक्टरांबरोबर बसून तिने प्रश्नावली तयार केली. पण ती झाली होती डॉक्टरांच्या भाषेत. एका रविवारी सकाळी अकराला दाराची घंटा वाजली. मी उघडलं तर ती बाहेर उभी, हातात कागद.

“वहिनी, प्रुफरीडर आहेत का घरात?”

हे आतून म्हणाले, “कोण आहे?”

“एक गिऱ्हाईक आहे. फार चुका आहेत, तपासून हव्यात.”

कागदावरच्या की आणखी कशातल्या, ते कोणी विचारलं नाही. यांनी चष्मा पुसला आणि कागद घेतला. दोघं जेवणाच्या टेबलाशी तीन तास बसले. मी चहा ठेवला, तो गार झाला, दुसरा ठेवला. नवव्या प्रश्नाशी हे थांबले. तिथे लिहिलं होतं, ‘स्वादुपिंडदाहाचा पूर्वेतिहास’.

“हे कोणाला कळणार?” हे म्हणाले.

“मग कसं लिहू?”

यांनी पेन घेतलं आणि एकदाही न अडखळता लिहिलं: ‘पूर्वी कधी पोटाच्या वरच्या भागात, पाठीपर्यंत जाणारं दुखणं येऊन दवाखान्यात राहावं लागलं होतं का?’

ती म्हणाली, “वा. दादा, जसं काही तुलाच झालंय.”

हे हसले. मी ओट्यापाशी उभी होते. यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बहीण दोन वर्षांनी टेबलाशी बसली होती. तिला उठवेल असं काहीही बोलायची यांची तयारी नव्हती. खरं सांगायचं तर माझीही नव्हती.

त्यानंतरची आठ वर्षं चांगली गेली. ती दर रविवारी अकराला येई. आईचा विषय कोणी काढत नसे. हे तिला विचारत, “काय बाविशी, या आठवड्यात किती खोटारडे सापडले?” आणि ती नावं न घेता किस्से सांगे. तिच्या प्रश्नांमुळे किती माणसं वाचली हे कोणी मोजलेलं नाही, पण नवीन डॉक्टर आधी फॉर्मचा कोपरा बघत आणि मग रुग्णाचा चेहरा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये यांचे डोळे पिवळे झाले.

खडा. पित्तनलिकेत. आईसारखाच. या वेळी यांनी धोका विचारला नाही. “चिंगी म्हणेल तसं,” एवढंच म्हणाले. तिने दोन दिवसांनंतरची सकाळची वेळ घेतली. आदल्या संध्याकाळी ती घरी आली, पिशवीत एक फॉर्म घेऊन. टेबलाशी बसली, पेन काढलं आणि स्वतःच भरायला लागली.

“हे काय, मला विचारणार नाहीस?” हे आरामखुर्चीतून म्हणाले. खाजेने दोन रात्री झोप नव्हती, आवाज बसला होता.

“तुला काय विचारायचं? दारू पितोस का विचारलं तर म्हणशील, पाजतेस का. जिने तुझे मी मोजलेत. गोळ्यांची डबी वहिनींनी दाखवली. उद्या त्या खुर्चीत अर्धा तास कुढत बसण्यापेक्षा आत्ता झोप थोडा.”

बावीस प्रश्न तिने सहा मिनिटांत भरले. मायेने भरले, हे मला आजही दिसतं. तिच्या लेखी तिला दादा पाठ होता. पण पाठ असलेल्या पुस्तकातली तेवीस महिन्यांची पानं तिने उघडलीच नव्हती, आणि ती नाहीत हेही ती विसरली होती.

सहीसाठी तिने कागद यांच्याकडे दिला. न वाचता सही करणं यांना माहीतच नव्हतं. टोपण न काढता पेन ओळीखालून सरकवत वाचायची यांची पद्धत होती. पेन सरकत गेलं. नवव्या ओळीपाशी थांबलं. तिथे ‘नाही’वर खूण होती. यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. यांनी अगदी किंचित मान हलवली, आणि पेन पुढे गेलं.

“तारीख चुकलीस. उद्याची हवी,” हे म्हणाले. तारीख दुरुस्त केली, सही केली. “एकच चूक. चिंगे, तुझं प्रूफ इतकं स्वच्छ पहिल्यांदाच बघतोय.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “नऊ नंबर.”

“आठ-नऊ वर्षं झाली त्याला. आता सांगितलं तर का लपवलं ते सांगावं लागेल. उद्या होऊ दे. मग मीच सांगतो तिला.”

त्या दिवसाच्या समासात लिहिलंय: ‘सकाळी आपण सांगावं.’

सकाळी सात वाजता व्हरांड्यात मी तिला गाठलंही होतं. तिने गणवेशावर उलटं लावलेलं घड्याळ बघितलं आणि माझा हात धरला. “वहिनी, खरं सांगू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बाहेर बसायची भीती वाटत नाहीये. दादाचा कागद स्वच्छ आहे.” मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मग ती आतल्या बाजूला गेली, ट्रॉलीपाशी, जिथे नातेवाइकांना जाऊ देत नाहीत.

खडा निघाला. दुपारपर्यंत हे ठीक होते. चारच्या सुमारास म्हणाले, “पाठीत जातंय,” आणि मला कळलं. स्वादुपिंड सुजलं होतं, या वेळी चार दिवसांचं नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी हे गेले.

लाल खूण असती तर वाचले असते, असं कोणी म्हणत नाही. मोठे डॉक्टर मला म्हणाले की हा धोका कोणालाही असतो. पण खूण असती तर आधी एक औषध दिलं असतं, सलाइन जास्त चढवलं असतं, स्वादुपिंडाच्या तोंडाशी बारीक नळी ठेवली असती. कदाचित एक दिवस थांबून आणखी विचार केला असता. हे मला नणंदेनेच सांगितलं, कधीतरी सहज, दुसऱ्याच एका रुग्णाबद्दल बोलताना. महिन्याने रुग्णालयात बैठक झाली. फॉर्म तपासला. पूर्वेतिहास नाही, खूण नाही ते योग्य, कोणाची चूक नाही, असा शेरा पडला. ती शेरा घेऊन माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच रडली. “निदान मी विचारण्यात कमी पडले नाही, वहिनी,” म्हणाली. विचारलं नव्हतं, भरलं होतं, हे तिच्या लक्षातही नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग यंदा जानेवारीत तिने मागणं मागितलं. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. रविवारी अकराला ती नेहमीसारखी आली, मटारच्या शेंगा घेऊन बसली आणि म्हणाली, “वहिनी, त्या दोन वर्षांतला दादा माझ्याकडे नाही. तुमच्या वह्यांत आहे. वाचून दाखवाल?”

“त्यात काय आहे? छत्र्या हरवल्या नि चष्मे बदलले.”

“तेच हवंय. आणि एक बघायचंय. तेवीस महिन्यांत त्याने माझं नाव एकदा तरी काढलं का.”

नाव यांनी काढलं होतं. एकदाच. त्या चार पानांत. तिला जे ऐकायचं होतं आणि जे तिने ऐकू नये असं मला वाटत होतं, ते एकाच पानावर होतं.

मी वाचायला सुरुवात केली. दर रविवारी एक-दोन महिने वाचून होत. ती डोळे मिटून शेंगा सोलत ऐके. ‘यांनी आज तिसरी छत्री हरवली. म्हणाले, पाऊसच हल्ली चोर झालाय.’ ती हसे. ‘नवा चष्मा आला. यांच्या मते त्यातून मी जास्त म्हातारी दिसते. मी म्हटलं, जुनाच लावा.’ ती पुन्हा हसे. महिना संपला की विचारी, “यात नाही ना माझं नाव?” मी म्हणे, “पुढे असेल.” चार पानं फाडून टाकावीत असं मनात आलं. इतक्या वर्षांत एक पान फाडलेलं नाही. हात गेला नाही.

सातवा महिना आला. मी मंगळवार वाचला, पान उलटताना पाच पानं एकदम धरली आणि रविवारवर गेले.

शेंगांचा आवाज थांबला.

“वहिनी, बुधवार?”

“काही विशेष नव्हतं.”

“तुमच्या वहीत ‘विशेष नाही’ असंही लिहिलेलं असतं.” तिने डोळे उघडले. ताट खाली ठेवलं, खुर्ची फिरवून माझ्यासमोर आणली, जशी तिच्या खोलीत असते तशी. घरात आम्ही दोघीच होतो, तरी उठून तिने दार लोटलं. “आता पुन्हा विचारते,” ती म्हणाली. आवाज बदलला होता, मी डबा द्यायला गेले की ऐकायची तसा. “पूर्वी कधी, पोटाच्या वरच्या भागात...”

ती दादाचं वाक्य पूर्ण म्हणाली. शब्द न शब्द.

“हो,” मी म्हटलं.

“दवाखान्यात राहावं लागलं?”

“हो.”

“किती दिवस?”

“चार.”

“फॉर्मवर काय लिहिलंय?”

“नाही.”

“कोणी लिहिलं?” ती थांबली. “न विचारता,” ती स्वतःलाच म्हणाली.

मी वही तिच्या हातात दिली. तिने स्वतः वाचलं, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश, दादासारखं. बुधवार. मग गुरुवार. गुरुवारच्या पानावर मी यांचे शब्द जसेच्या तसे लिहिलेले आहेत. दुखणं जरा उतरलं होतं तेव्हा हे म्हणाले होते: ‘आईलाही असंच दुखलं असेल. चिंगीचं बरोबर होतं. तिला आत्ता बोलावू नकोस, धावत येईल, आणि मला आडवं पडून माफी मागावी लागेल. बरा झालो की जाईन तिच्याकडे. उभा राहून सांगेन.’

शेवटच्या ओळीवरून तिचं बोट हलेना.

“उभा राहून, असं म्हणाला?”

“हो.”

“वहिनी,” ती म्हणाली, “त्या दिवशी सकाळी ट्रॉलीवर. हाताला सुई लावली होती. मी शेजारी उभी होते. हा एकदम उठायला लागला. पाय खाली टाकले. म्हणाला, चिंगे, मला जरा उभं कर. मला वाटलं घाबरलाय.” तिने दोन्ही हात पुढे करून हवेत दाबून दाखवले. “मी खांदे धरून त्याला झोपवला. म्हटलं, दादा, लहान मुलासारखं करू नकोस.”

शेंगा तशाच राहिल्या. ती गेली तेव्हा वही मिटून, दोन्ही हातांनी टेबलाच्या मधोमध ठेवून गेली.

सोमवारी तिने रेकॉर्डच्या खोलीतून दादाचा फॉर्म काढायला लावला. नवव्या प्रश्नापुढचं ‘नाही’ एका रेघेने खोडलं, खालचं वाचता येईल असं. ‘होय’ लिहिलं. कोपऱ्यात लाल खूण केली. खाली लिहिलं, ‘रुग्णाला न विचारता भरला होता,’ आणि त्या सोमवारच्या तारखेने सही केली. मग कागद स्वतः मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

ते म्हणाले, “सिस्टर, तीन आठवडे राहिलेत तुमचे. हे कोणी मागितलं होतं?”

“कोणी विचारलं नाही, म्हणून तर,” ती म्हणाली.

पुन्हा बैठक झाली. त्यांना काहीतरी करणं भाग होतं. शेवटचे तीन आठवडे तिला जिन्याखालच्या खोलीतून काढून चादरींच्या कोठारात बसवलं. निरोपसमारंभ झाला नाही; तिनेच नको म्हटलं असं म्हणतात. तिच्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगी बसते. वजनकाटा तिने सोयीसाठी टेबलाजवळ आणून ठेवला आहे.

नणंद अजूनही रविवारी अकराला येते. हातात आता काही नसतं. तेवीस महिने वाचून संपले, ती प्रुफाचा कागद घेऊन आली तो रविवार आला तेव्हा म्हणाली, “हा मला माहीत आहे, मिटा.” आता ती आल्यावर, तिने न सांगताच, मी सातवा महिना उघडते आणि गुरुवारचं पान वाचते. ती ऐकते. तेवढं ऐकताना ती खुर्चीत बसत नाही.

बावीस प्रश्न दोनदा विचारणाऱ्या माझ्या नणंदेने मला एक प्रश्न अजून एकदाही विचारलेला नाही: वहिनी, तुम्हाला माहीत होतं, तुम्ही का नाही सांगितलंत. उत्तर मी समासात लिहून ठेवलेलं आहे. दर रविवारी चहा ठेवते, दार लोटते आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत बसते. ती चहा पिते, कप विसळून ठेवते आणि म्हणते, “येते वहिनी.”